ऑस्ट्रेलियात कामासाठी सपाट हौद्याची यूट घेताना

आपल्याकडे ज्याला पिकअप म्हणतात त्याला ऑस्ट्रेलियात 'यूट' म्हणतात. शोध सुरू करण्याआधी तिथले तीन शब्द माहीत हवेत, कारण जाहिराती त्याच शब्दांत असतात. कारखान्यातून आलेला, केबिनच्या रंगाचा, खोल हौदा म्हणजे 'टब'. आत चाकांचे उंचवटे आलेले असतात, त्यामुळे प्लायवूडची शीट सपाट पडत नाही. नुसती केबिन आणि मागे उघडी चेसिस म्हणजे 'कॅब-चेसिस'. त्यावर वेगळा बसवलेला, तिन्ही बाजूंनी फाळके पाडता येणारा सपाट हौदा म्हणजे 'ट्रे'. फरशी, पॅलेट, पत्रे, पाइप, मशिनरी असली कामं करणाऱ्याला ट्रेच लागतो. फोर्कलिफ्टवाला बाजूने येऊन पॅलेट ठेवतो आणि निघून जातो. टबवाल्याला तेच सामान हाताने, मागच्या बाजूने, एकेक करून चढवावं लागतं.

बहुतेक लोक इथे पहिली चूक करतात. आधी कंपनी ठरते, मग मॉडेल, मग रंग, आणि हौदा जो मिळेल तो. निवड उलट दिशेने करायची असते: आधी माल, मग ट्रे, मग केबिन, आणि शेवटी कंपनी.

हौद्याच्या मापापासून सुरुवात

ऑस्ट्रेलियाचं प्रमाणित पॅलेट ११६५ बाय ११६५ मिलिमीटरचं असतं. दोन पॅलेट एकामागे एक ठेवली की २३३० मिलिमीटर होतात. सिंगल कॅबच्या, म्हणजे दोन दारांच्या गाडीच्या, मागे साधारण २४०० ते २५५० मिलिमीटर लांबीचा ट्रे बसतो, म्हणजे दोन पॅलेट आणि वर थोडी जागा. बांधकामाची प्लायवूड शीट २४०० बाय १२०० असते, तीही पूर्ण मावते आणि मागचा फाळका बंद होतो. एक्स्ट्रा कॅबमध्ये पुढच्या सीटमागे अवजारांपुरती बंद जागा मिळते, पण ट्रे साधारण २१०० वर येतो, म्हणजे शीट तीनशे मिलिमीटर बाहेर लोंबणार. ड्युअल कॅबला, म्हणजे चार दारांच्या गाडीला, १७०० ते १८०० मिलिमीटरचाच ट्रे मिळतो. त्यात एकच पॅलेट बसतं आणि मालाचा बराचसा भार मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे जातो. पुढच्या बऱ्याच भानगडी इथून सुरू होतात.

रविवारी मुलांना घेऊन फिरायला आणि सोमवारी सिमेंट न्यायला एकच गाडी हवी, म्हणून ड्युअल कॅब घेतली जाते. मोह समजण्यासारखा आहे, पण रोज अर्ध्या टनाच्या वर माल असेल तर सिंगल कॅब घ्या आणि कुटुंबासाठी एखादी जुनी छोटी कार वेगळी ठेवा. दोन्हींचा मिळून खर्च बऱ्याचदा एका नव्या फोर बाय फोर ड्युअल कॅबपेक्षा कमी येतो.

ट्रे अ‍ॅल्युमिनियमचा की स्टीलचा? अ‍ॅल्युमिनियमचा हलका असतो, गंजत नाही, पण जड मशिन आपटलं की पोचा पडतो आणि वेल्डिंगच्या जोडाजवळ तडा जातो. तो जोडायला वेगळा कारागीर लागतो. स्टीलचा ट्रे मार खातो, कुठल्याही गॅरेजमध्ये वेल्डिंग करून मिळतो, पण शंभरएक किलो जास्त भरतो. बागकाम, इलेक्ट्रिकल, रंगकाम यांना अ‍ॅल्युमिनियम. काँक्रीट, दगड, भंगार, शेती यांना स्टील.

वजनाचं गणित, कागद-पेन घेऊन

गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पाटीवर 'जीव्हीएम' लिहिलेलं असतं. गाडी, माल, माणसं, इंधन असं सगळं धरून कायद्याने चालणारं ते कमाल वजन. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की 'पेलोड' येतो. जाहिरातीत हाच आकडा असतो. मेख अशी की कॅब-चेसिसचं वजन देताना बहुतेक वेळा ट्रे धरलेला नसतो. ट्रे हा तुमच्याच पेलोडमधून जातो.

एक उदाहरण करून बघा. समजा, सिंगल कॅबचा जीव्हीएम ३००० किलो आणि कॅब-चेसिसचं वजन १७५०. कागदावर १२५० किलो उरले. स्टीलचा ट्रे २२०, राहिले १०३०. टो-बार, म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा दांडा, ३५ आणि बुलबार, म्हणजे पुढचं लोखंडी गार्ड, ४५, राहिले ९५०. चालक आणि मदतनीस मिळून १७०, राहिले ७८०. अवजारांच्या पेट्या आणि शिडीचा रॅक १५०. हातात आले ६३०. आता वाळूच्या दुकानात जाऊन "अर्धा घनमीटर टाक" म्हणालात तर कोरडी वाळूच ८०० किलोच्या आसपास भरते, आणि पावसात भिजलेली असेल तर आणखी. 'एक टनाची यूट' म्हणून घेतलेल्या गाडीची ही खरी ताकद.

ड्युअल कॅब फोर बाय फोरचं गणित तर रडवणारं असतं. समजा जीव्हीएम ३०५०, रिकामी २०५०, म्हणजे १००० किलो. ट्रे १५०, बुलबार-टोबार ८०, चार माणसं ३४०, अवजारं १५०: उरले २८०. आता मागे ३००० किलोचा ट्रेलर जोडा. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकावर येतो, म्हणजे ३०० किलो, आणि तो गाडीच्या वजनातच मोजतात. एक विटही न ठेवता गाडी वीस किलोने ओव्हरलोड. '३५०० किलो ओढते' या जाहिरातीखालचा बारीक मजकूर हाच.

आणखी एक बारकावा. तिथे 'केर्ब' वजनात डिझेलची टाकी भरलेली धरतात, आणि 'टेअर' वजनात फक्त दहा लिटर. ऐंशी लिटरची टाकी असेल तर दोन्हींत जवळजवळ साठ किलोचा फरक पडतो. विकणारा कुठला आकडा सांगतोय ते विचारा. शंका असेल तर सरळ गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर न्या. कचरा डेपो, ट्रकथांबे, वाळू-खडीची दुकानं इथे काटे असतात. गाडी आवडली की पैसे देण्याआधी हा एक फेरा मारायला लावण्यात संकोच नको.

जीव्हीएम वाढवून घेतलेल्या गाड्याही बाजारात असतात. मागच्या स्प्रिंगला नुसते जाड पाटे घातले म्हणजे जीव्हीएम वाढत नाही, कागद लागतो. क्वीन्सलँडमध्ये निळी मॉडिफिकेशन प्लेट, व्हिक्टोरियात व्हॅस प्रमाणपत्र, न्यू साउथ वेल्समध्ये व्हीएससीसीएस प्रमाणपत्र. कागद नसेल तर गाडी मूळच्याच आकड्याची समजा.

खरंच दीड-दोन टन न्यायचे असतील तर यूट सोडा. ४५०० किलो जीव्हीएमचे छोटे ट्रक, इसुझू एनएलआरसारखे, कारच्याच लायसन्सवर चालवता येतात. 'सी' वर्गाच्या लायसन्सची मर्यादाच ४.५ टन आहे. बसायला आरामशीर नाहीत, पण माल उचलण्याच्या कामात यूट त्यांच्या जवळपासही येत नाही.

कुठली गाडी, कुठलं दुखणं

टोयोटा हायलक्स, फोर्ड रेंजर, इसुझू डी-मॅक्स, माझदा बीटी-५०, मित्सुबिशी ट्रायटन, निसान नवारा आणि लँडक्रूझर ७९ ही नावं परत परत येतील. पार्ट सगळ्यांचे मिळतात. फरक पडतो तो कुठल्या वर्षाचं इंजिन आहे यात.

हायलक्सचं २००५ ते २०१५ या पिढीतलं तीन लिटर डिझेल इंजिन दणकट, पण नोझल हा त्याचा कमकुवत भाग. नोझलच्या बैठकीतले वॉशर गळू लागले की काजळी ऑइलमध्ये उतरते, तळाची ऑइलची जाळी बुजते आणि इंजिनला ऑइल मिळेनासं होतं. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिला अर्धा मिनिट खडखडाट ऐकू आला तर नोझल कधी बदलले त्याची पावती मागा. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, दीड लाख किलोमीटरला बदलायचा. १ लाख ४५ हजारांवर विकायला काढलेली गाडी दिसली की विकण्याचं कारण काय असावं ते ओळखा आणि बेल्टचे पैसे किमतीतून कमी करा.

नंतरच्या २.४ आणि २.८ डिझेलना साखळी आहे. पण ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळातल्या गाड्यांच्या डीपीएफवरून, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळीच्या गाळणीवरून, फेडरल कोर्टात सामूहिक दावा झाला होता. त्या वर्षांची गाडी घेताना डीपीएफच्या दुरुस्तीचा इतिहास तपासाच.

रेंजरचं ३.२ लिटर, पाच सिलिंडरचं इंजिन आणि २०११ ते २०२० ची बीटी-५० ही आतून भावंडं. त्यांचं एक विचित्र पथ्य आहे: ऑइल बदलताना ते काढून ठेवून गाडी जास्त वेळ, म्हणजे दहा मिनिटांच्या वर, तशीच ठेवली की ऑइल पंप ऑइल धरणं सोडतो आणि सुरू केल्यावर इंजिन कोरडं फिरून बाद होऊ शकतं. "सर्व्हिसिंग मी घरीच करतो" असं अभिमानाने सांगणारा मालक या गाडीला नको. २०२० नंतरची बीटी-५० मात्र डी-मॅक्सचं भावंड आहे. डी-मॅक्सचं तीन लिटर इंजिन सगळ्यांत कमी कटकटीचं. आवाज जास्त, थाट कमी, पण रोजच्या कामाला आमची पसंती त्यालाच.

निसान नवाराच्या डी-४० पिढीतल्या अडीच लिटर डिझेलची टायमिंग साखळी ढिली पडते. साखळी बदलल्याची पावती असेल तरच पुढे जा. महिंद्राचा पिक-अपही तिथे कॅब-चेसिसमध्ये मिळतो. स्कॉर्पिओच्या घराण्यातला, पेलोड टनाच्या वर, किंमत कमी. मात्र ओढण्याची मर्यादा २५०० किलो आहे, गावाकडे सर्व्हिस केंद्र लांब असू शकतं आणि परत विकताना भाव पडतो. दहा वर्षं वापरून संपवायची असेल तर विचार करण्यासारखा.

डिझेलबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. डीपीएफ स्वतःला जाळून साफ करतो, पण त्याला वीसेक मिनिटं सलग, गरम इंजिनावर धावावं लागतं. उपनगरात पाच-पाच किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्याचा डीपीएफ तुंबतोच. तो कापून टाकणं बेकायदा आहे. अशा कामाला २.७ लिटर पेट्रोल, टू बाय फोर हायलक्स वर्कमेट घ्या. पेट्रोल जास्त पिते, पण टर्बो नाही, डीपीएफ नाही, महागडे नोझल नाहीत.

शोध कुठे घ्यायचा

कारसेल्स, गमट्री आणि फेसबुक मार्केटप्लेस या तीन ठिकाणी 'कॅब-चेसिस' आणि 'ट्रे' हे शब्द टाकून शोधा. नुसतं 'यूट' टाकलंत तर टबच्या गाड्यांचा ढीग येईल. पिकल्स, मॅनहाइम, ग्रेज यांच्या लिलावांत कौन्सिल, वीज कंपन्या आणि सरकारी खात्यांच्या गाड्या येतात. त्यांची सर्व्हिसिंग वेळेवर झालेली असते, ट्रे आणि पेट्या आधीच बसवलेल्या असतात. पण लिलावात चालवून बघायला सहसा मिळत नाही, बोलीवर वेगळी फी लागते, आणि हातोडा पडला की माघार नाही. पहिल्या लिलावाला फक्त बघायला जा.

खाणीतल्या गाड्यांपासून, विशेषतः पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लँडक्रूझर ७९ पासून, जपून राहा. किलोमीटर कमी दिसतात, पण इंजिन तासन्‌तास जागेवर चालू राहिलेलं असतं आणि खारट पाण्याने वायरिंगपासून चेसिसपर्यंत सगळं खाल्लेलं असतं. केबिनच्या छतावर दिव्याच्या स्टँडची बुजवलेली भोकं आणि दारावर काढलेल्या मोठ्या नंबर-स्टिकरची खूण दिसली की विचारा.

जून महिना लक्षात ठेवा. तिथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. डीलर नव्या गाड्यांवर सवलत देतात, धंदेवाले जुन्या काढतात. स्वतःचा एबीएन, म्हणजे धंद्याचा नोंदणी क्रमांक, असेल आणि जीएसटी नोंदणी असेल तर डीलरकडच्या किमतीतला अकरावा हिस्सा, धंद्याच्या वापरापुरता, परत मागता येतो. खासगी विक्रेत्याकडून घेतलीत तर नाही. दोन किमतींची तुलना हे धरूनच करा आणि बाकीचं अकाउंटंटला विचारा.

गाडी बघताना

इंजिन थंड हवं. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकाने तुमच्या आधीच सुरू करून खडखडाट लपवलेला असू शकतो. सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणा.

मग गाडीच्या बाजूला, केबिन आणि ट्रेच्या मध्ये उभे राहा. तिथे एक फट असते. टेप घ्या आणि ती फट वर मोजा, मग खाली मोजा, आणि तेच दुसऱ्या बाजूने करा. वर ४५ मिलिमीटर आणि खाली ३० भरली तर ट्रे मागे झुकलाय. मालक म्हणेल ट्रे तसाच बसवलाय. असेलही, म्हणून आता खाली वाका आणि चेसिसच्या दांड्यावर, केबिनच्या मागे आणि पाट्यांच्या कंसाजवळ, रंगाला सुरकुती आलीय का बघा. चेसिस वाकली की वरच्या बाजूचा रंग ताणून तडकतो आणि खालचा पत्रा चुरगळतो. ड्युअल कॅबवर हे जास्त दिसतं, आणि ज्यांच्या पाट्यांवर हवेच्या पिशव्या बसवल्यात त्यांच्यावर सगळ्यांत जास्त. पाट्याचा भार चेसिसवर पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांना वाटला जातो, पिशवी तोच भार मधल्या एका ठिकाणी वर ढकलते. मागून ट्रेलर खाली ओढत असतो, मधून पिशवी वर रेटत असते, आणि चेसिस तिथेच मोडते. वाकलेली चेसिस कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

खाली वाकलेले असतानाच चेसिसच्या पोकळीत बोट घाला. वाळू आली तर गाडी समुद्रकिनाऱ्यावर चाललीय. स्टेपनीच्या टोपलीचा आणि मागच्या ब्रेक-पाइपचा गंज बघा. पाटे रिकाम्या गाडीतच सपाट किंवा उलटे झुकलेले असतील तर ते बसलेत. टो-बारचा गोळा घासून चकाकत असेल तर गाडीने खूप ओढलंय, मग क्लचवर किंवा गिअरबॉक्सवर जास्त लक्ष द्या. डीपीएफ असलेल्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. बोट काळंकुट्ट निघालं तर डीपीएफ फुटलाय किंवा कोणी तो पोकळ केलाय.

ट्रेवर चढून मधोमध उड्या मारा. आवाज कुठून येतो ऐका. तिन्ही फाळके पाडा, लावा, कड्या घट्ट बसतात का बघा. हेडबोर्डच्या, म्हणजे केबिनमागच्या चौकटीच्या, पायथ्याशी तडे शोधा. शिडीच्या रॅकवर जड पाइप नेले की तिथेच ताण येतो. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे स्टीलच्या चेसिसला टेकतो तिथे रबर किंवा प्लॅस्टिकची पट्टी हवी. नसेल तर पांढरी भुकटी दिसेल, दोन धातू एकमेकांना खात असल्याची ती खूण.

कागद

पीपीएसआर ही सरकारी नोंद ऑनलाइन तपासायला दोन डॉलर लागतात. गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का, विम्याने बाद ठरवलेली आहे का, हे त्यात कळतं. नंबरप्लेटवरून नको, १७ अक्षरांच्या व्हीआयएनवरून, म्हणजे चेसिस नंबरवरून, तपासा, आणि तो व्हीआयएन जाहिरातीतून न घेता स्वतः गाडीवर वाचा. तपासणीचं प्रमाणपत्र काढाल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खरेदी करा, संरक्षण तेवढ्याच मुदतीचं असतं. पार्सल, भाजी, डब्यांच्या धंद्यातल्या ओळखीच्या मराठी माणसाकडून गाडी घेत असाल तरी हे दोन डॉलर वाचवू नका. कर्जाचा हप्ता थकला तर बँक ओळख बघत नाही.

बाकी प्रत्येक राज्याचं वेगळं. व्हिक्टोरियात विकणारा रोडवर्दी प्रमाणपत्र (आरडब्ल्यूसी) देतो, ते ३० दिवस चालतं. क्वीन्सलँडमध्ये सेफ्टी सर्टिफिकेट, खासगी विक्रेत्याचं दोन महिने किंवा २००० किलोमीटर. न्यू साउथ वेल्समध्ये पाच वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी पिंक स्लिप, म्हणजे तपासणीचा दाखला. 'आरडब्ल्यूसीशिवाय, म्हणून स्वस्त' अशी गाडी नवख्याने घेऊ नये, कारण टायर, बुश, ब्रेक मिळून खर्च कुठवर जाईल सांगता येत नाही. नाव बदलण्याचा अर्ज या तिन्ही राज्यांत १४ दिवसांत करायचा. २००६ ते २०११ मधली रेंजर किंवा बीटी-५० असेल तर टकाटा कंपनीची सदोष एअरबॅग बदलल्याची नोंद बघा.

डीलरची कायदेशीर वॉरंटी अनेक राज्यांत व्यावसायिक गाड्यांना लागू नसते, लेखी विचारून घ्या. विमा घेताना 'धंद्यासाठी वापर' असंच सांगा आणि ट्रेवरची अवजारं पॉलिसीत येतात का तेही विचारा. भारतीय लायसन्सवर किती महिने चालवता येतं ते राज्य आणि व्हिसा यांवर ठरतं. पक्कं लायसन्स काढायला लेखी आणि चालवण्याची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, तेव्हा गाडी शोधायला लागाल तेव्हाच तारीख घेऊन ठेवा.

गाडी घरी आल्यावर

पहिल्याच आठवड्यात तुमच्या सगळ्या पेट्या, शिड्या आणि भरलेल्या टाकीसकट गाडी काट्यावर न्या. जीव्हीएममधून तो आकडा आणि माणसांचं वजन वजा करा आणि उरलेले किलो मार्करने सनशेडच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. दुकानदार लोडर घेऊन उभा असतो तेव्हा गणित सुचत नाही.

माल बांधण्याचा तिथला नियम असा: बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के जोर पेलला पाहिजे. ६०० किलोचं पॅलेट असेल तर पुढे ४८० किलोचा. पॅलेट हेडबोर्डला टेकवून ठेवलं तर यातलं बरंच काम हेडबोर्ड करतो. मध्ये मोकळं ठेवलं तर सगळं पट्ट्यांवर येतं. रॅचेट पट्टा घेताना त्याच्यावर 'एलसी' म्हणून लिहिलेली क्षमता बघा, लेबल फाटलेला पट्टा टाकून द्या. हूक ट्रेखालच्या दोरीच्या दांडीत अडकवा, फाळक्याच्या कडीत नाही, ती तेवढा ताण घेत नाही. वाळू, खडी, पालापाचोळा यांवर ताडपत्री लागतेच. आणि निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांत एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळा. तोवर माल बसलेला असतो आणि पट्टा बोटभर सैल झालेला असतो.